फुकट्याचा नातू

माझ्या आजोबांना गावातले लोक 'फुकट्या' म्हणत. १८९९-१९०० च्या दुष्काळात त्यांचे आईबाप गेले तेव्हा ते जेमतेम पाच वर्षांचे होते, आणि कोणीतरी त्यांना बैलबंडीत घालून वऱ्हाडातल्या एका मिशनच्या अनाथालयात नेऊन सोडले. कोणी सोडले, हे त्यांना शेवटपर्यंत कळले नाही. तिथे ते वाढले, सुतारकाम शिकले, बाप्तिस्मा घेतला आणि विशीत दारव्हा तालुक्यातल्या आपल्या मूळ गावी परत आले, तेव्हा भावकीने त्यांना हे नाव चिकटवले. ते ऐकले की माझे वडील संतापत. आजोबांना मात्र त्यात अपमान वाटत नसे. "खरं हाय ते," असे ते म्हणत, "पाच वर्साच्या पोराले कोन काय काम सांगन? पह्यले भाकर भेटली, काम मंग शिकलो."

हे वाक्य मी आठ-नऊ वर्षांचा असताना ऐकले आणि त्याचा अर्थ कळायला मला पन्नाशी ओलांडावी लागली. मधली चाळीस वर्षे मी वडिलांचा मुलगा म्हणून जगलो. 'फुकट्याचा पोरगा' ही हेटाळणी पुसून काढण्यासाठी वडिलांनी आयुष्यभर कोणाकडून साधी विळीसुद्धा उसनी आणली नाही. त्यांनी मला नऊ एकर कोरडवाहू जमीन दिली आणि तिच्यासोबत एक धाकही दिला, की कोणाचे देणे ठेवायचे नाही. १९९४ साली शेती माझ्याकडे आली त्याच वर्षी मी लाल कापडी बांधणीची एक लांबट वही विकत घेतली. तिच्या डाव्या पानावर कापूस, तूर आणि सोयाबीनच्या विक्रीची रक्कम असे, तर उजव्या पानावर मंडळीला, म्हणजे आमच्या चर्चला, दिलेला दशांश, उत्पन्नाचा दहावा भाग. तेवीस वर्षांत एकही साल चुकले नव्हते. ज्या वर्षी उत्पन्न खर्चाच्या खाली गेले त्या वर्षीही मी दशांश दिला आणि त्या ओळीखाली दोन रेघा ओढून ठेवल्या, जणू काही पुढे कोणी हिशेब तपासायला येणार होते.

देव माझा देणेकरी आहे, असे मी तोंडाने कधी म्हटले नाही. घरात प्रार्थना होती, दर रविवारी उपासना होती, मुलांना शब्बाथ शाळेत वचने पाठ करायला लावणे होते. परंतु आज मागे वळून पाहताना मला कबूल करावे लागते की, माझी श्रद्धा ही बाजार समितीत माल उतरवून पावतीची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याची श्रद्धा होती. माल चोख होता, मग भाव चोख मिळायला हवा, एवढाच तिचा मजकूर.

२०१७ हे वर्ष यवतमाळ जिल्ह्यातला कोणीही शेतकरी विसरणार नाही. जून महिन्यात राज्य सरकारने दीड लाख रुपयांपर्यंतच्या थकीत पीककर्जाची माफी जाहीर केली. माझे कर्ज थकीत नव्हते. मी दरसाल मार्चपूर्वी भरणा करणारा माणूस. माझ्यासारख्यांसाठी भरलेल्या कर्जाच्या २५ टक्के आणि जास्तीत जास्त २५ हजार रुपये अशी प्रोत्साहनाची रक्कम होती. शेजारच्या शिवारातल्या एका शेतकऱ्याचे, ज्याने चार वर्षांत एक रुपया भरला नव्हता, संपूर्ण कर्ज सुटले तेव्हा मी पारावर बसून जे बोललो ते इथे लिहिण्यासारखे नाही. पुढच्याच रविवारी उपासनेत प्रभूची प्रार्थना म्हणताना "जशी आम्ही आपल्या ऋण्यांस ऋणे सोडली आहेत" या शब्दांपाशी माझी जीभ अडखळली नाही, याचे मला आता आश्चर्य वाटते. मराठी प्रार्थनेत शब्दच 'ऋणे' आहे, आणि तरीही पारावरचे ऋण आणि प्रार्थनेतले ऋण यांचा एकमेकांशी काही संबंध असेल, असे माझ्या डोक्यात आले नव्हते.

त्या वर्षी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, विलक्षण वाढली होती. सप्टेंबरमध्ये ती माणसाच्या डोक्याच्या वर गेली, फांद्या एकमेकींत अडकल्या, आणि फवारणी करणाऱ्या माणसाला नळी खांद्याच्या वर धरून औषधाच्या धुक्यातून चालावे लागत होते. तुडतुडे आणि पांढरी माशी हटत नव्हती, म्हणून दुकानदाराने दोन औषधे एकत्र मारायला सांगितली आणि मी ती आणली. फवारणीला तांड्यावरचा एक पस्तिशीतला माणूस येत असे. सहा वर्षे तो माझ्या शेतात काम करत होता. त्याचे नाव मी इथे लिहीत नाही. फवारणीची मजुरी पंपामागे ठरते. त्या दिवशी आभाळ भरून आले होते आणि पावसाच्या आत चार एकर उरकावे, म्हणून मी त्याला पंपामागे पाच रुपये वाढवून दिले. त्याच्या तोंडाला फडके नव्हते, हातात मोजे नव्हते आणि वारा उलटा होता. हे तिन्ही मला धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, दिसत होते.

संध्याकाळी त्याला ओकाऱ्या सुरू झाल्या, अंगाला घाम सुटला आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. आम्ही त्याला एका मालवाहू गाडीत टाकून जिल्ह्याच्या ठिकाणी नेले. डॉक्टरांनी बॅटरीच्या उजेडात त्याच्या बाहुल्या पाहिल्या. त्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. विषावर उतारा म्हणून ॲट्रोपिनची इंजेक्शने सुरू झाली. त्या वॉर्डात तशाच कारणाने आलेली आणखी माणसे होती. त्या हंगामात आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे नंतर सगळ्या महाराष्ट्राने वर्तमानपत्रात वाचले. आमचा माणूस वाचला. नऊ दिवसांनी तो घरी आला, पण हाताची थरथर आणि नजरेचा धूसरपणा त्याच्या सोबतच आला.

घरी येऊन मी वही उघडली. गाडीभाडे, बाहेरून आणलेली औषधे, त्याची बुडालेली मजुरी, त्याच्या घरी पोहोचवलेली ज्वारी, असे सगळे मी उजव्या पानावर उतरवले आणि खाली बेरीज केली. मग डाव्या पानाकडे पाहिले. तिथे काय लिहायचे, हे मला सुचेना. पाच रुपये गुणिले पंपांची संख्या हा आकडा मला पाठ होता, तो मी लिहिला, आणि बराच वेळ पाहत बसल्यावर खोडला. इतक्या वर्षांत त्या वहीत झालेली ती पहिली खाडाखोड होती.

१ ऑक्टोबरला, महिन्याचा पहिला रविवार म्हणून, मंडळीत प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकरी आणि द्राक्षरस घेण्याचा विधी, होते. भाकरीचे ताट माझ्यापुढे आले तेव्हा मी ते पुढच्या माणसाकडे सरकवले. खेड्यातल्या मंडळीत तीस-पस्तीस माणसे असतात; ताट कोणी सरकवले, हे दुपारपर्यंत सगळ्यांच्या घरी पोहोचते. भाकरी घेण्यापूर्वी माणसाने आत्मपरीक्षा करावी, असे येशूचा प्रेषित पौल याने करिंथकरांना पत्रात लिहिले आहे आणि मला वाटत होते की मी तेच करत आहे. खरे तर मी माझ्या परीने शिक्षा भोगत होतो आणि ती किती महिन्यांची असावी, हेही मीच ठरवणार होतो. असे सहा पहिले रविवार गेले.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, २९ तारखेला, आमच्या मंडळीच्या धर्मगुरूंनी, पाळकसाहेबांनी, धर्मसुधारणेला ५०० वर्षे होत असल्याबद्दल उपदेश केला. ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी मार्टिन ल्यूथर यांनी विटेनबर्ग येथे आपले ९५ मुद्दे मांडले, त्यामागचे तात्कालिक कारण म्हणजे पैसे घेऊन दिली जाणारी क्षमापत्रे, हे त्यांनी समजावून सांगितले. माझ्या पुढच्या बाकावरचा म्हातारा डुलक्या घेत होता. मीही फार लक्ष दिले नाही. जर्मनीत पाचशे वर्षांपूर्वी कोणी क्षमा विकली आणि कोणी त्याला हरकत घेतली, याचा माझ्या पऱ्हाटीशी काय संबंध, असेच मनात होते, कारण तोवर बोंडे फोडून पाहिली की आत गुलाबी अळी सापडू लागली होती. वरून बोंड हिरवेगार आणि भरलेले, आतून सरकी पोखरलेली आणि कापूस पिवळट. कपाशीचा हमीभाव त्या वर्षी लांब धाग्यासाठी क्विंटलला ४३२० रुपये होता, परंतु माझ्या अर्ध्याहून अधिक मालाला तो भाव मिळण्याजोगी प्रतच राहिली नाही.

नोव्हेंबरात वेचणी चालू असताना पाळकसाहेब एका संध्याकाळी थेट शेतात आले. धुऱ्यावरच्या बाभळीला काटा टांगला होता आणि मी बायांच्या गाठोड्यांची वजने करत होतो. वेचणीची मजुरी किलोवर असते. जिने जितका वेचला तितके तिला पैसे. त्या दिवशी एक बाई लेकराला ताप म्हणून दुपारी उशिरा आली होती आणि तिचे गाठोडे साडेसहा किलो भरले. मी तिचा आकडा वहीत मांडला. पाळकसाहेब हे सगळे पाहत उभे होते. बाया गेल्यावर त्यांनी मला बायबलातल्या मत्तयच्या विसाव्या अध्यायातला द्राक्षमळ्याचा दाखला आठवतो का, असे विचारले. आठवत होता. सकाळी कामाला लावलेल्या मजुरांना आणि दिवस मावळायला तासभर उरला असताना आलेल्या मजुरांना धनी सारखेच पैसे देतो, आणि सकाळचे मजूर कुरकुरतात.

"साहेब," मी म्हणालो, "तो दाखला मला लहानपणापासून पटलेला नाही. असे दिले तर दुसऱ्या दिवशी सकाळी एक माणूस कामावर येणार नाही."

ते हसले आणि म्हणाले, "शेतकरी म्हणून तुमचे बरोबर आहे, भाऊ. पण तुम्ही स्वतःला सकाळचा मजूर धरूनच बोलता. तुमचे आजोबा त्या अनाथालयात किती वाजता पोहोचले होते?"

मी उत्तर दिले नाही. गाठोडी बंडीत भरली.

जानेवारीपासून आमच्या घरी दर बुधवारी रात्री वाचन सुरू झाले. पाळकसाहेब, मी आणि माझी पत्नी, बारावी झालेला एक तरुण, आणि मिशनच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या एक सिस्टरबाई, एवढेच आम्ही होतो. पौलाच्या रोमकरांस पत्राचा चौथा अध्याय निघाला तेव्हा एका वाक्यापाशी मी थांबलो: काम करणाऱ्याची मजुरी कृपा म्हणून गणली जात नाही, ती ऋण म्हणून गणली जाते. हे मी कितीदा तरी ऐकले असेल, पण बाभळीला टांगलेला काटा डोळ्यांपुढे ठेवून ते प्रथमच वाचत होतो. मजुरी ठरली की ती घेणाऱ्याचा हक्क होतो. तिच्यात देणाऱ्याचे मोठेपण काही उरत नाही. मग तेवीस वर्षे मी देवाकडे जे मागत होतो ती मजुरी होती, आणि ती मिळाली असती तरी त्यात देवाशी काही नाते जुळले नसते. मी माझ्या वेचणीवाल्या बायांशी जुळवले होते तितकेच.

सिस्टरबाईंनी त्या रात्री पंडिता रमाबाईंची गोष्ट सांगितली. रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. पण आपल्याला ख्रिस्ताचा धर्म मिळाला होता, प्रत्यक्ष ख्रिस्त अजून मिळायचा होता, असे त्यांनीच पुढे लिहून ठेवले, आणि आहोत तसे त्याच्या स्वाधीन व्हायचे असते हे उमगायला त्यांना आणखी सुमारे आठ वर्षे लागली. याच रमाबाई १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात हिंडून भुकेल्या मुलींना आणि विधवांना आपल्या आश्रयाला घेऊन गेल्या. सिस्टरबाई म्हणाल्या, "एवढी विद्वान बाई, तिला आठ वर्षं लागली. तुम्ही कशाला घाई करता, भाऊ? पण रस्त्यात बसून पण राहू नका." त्यांचे बोलणे नेहमीच असे असते, औषध कडू आणि डोस नेमका.

त्या बुधवारांपैकी मला सर्वांत उपयोगी ठरला तो इफिसकरांस पत्राचा दुसरा अध्याय, आणि त्यातही माझीच एक जुनी चूक. आठवे आणि नववे वचन मला शब्बाथ शाळेपासून तोंडपाठ होते: तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे झाले आहे, ते देवाचे दान आहे, कर्मांनी झालेले नाही. सुवर्णवचन म्हणून आम्हाला एवढेच पाठ करायला दिलेले असे आणि तिथेच आम्ही थांबत असू. दहावे वचन त्याच वाक्याला लागून आहे. आपण देवाची हस्तकृती आहोत आणि जी सत्कृत्ये आपण करावीत ती त्याने आधीच योजून ठेवली आहेत, असे ते सांगते. सुताराच्या नातवाला 'हस्तकृती' हा शब्द वेगळा समजावून सांगावा लागत नाही. आजोबांनी घडवलेले एक तिफण अजून आमच्या गोठ्यात आहे; त्याने पेरणी करून आपले तिफणपण मिळवलेले नाही. आधी ते घडले, मग पेरणीला गेले. पह्यले भाकर, काम मंग.

बारावी झालेल्या त्या तरुणाने लगेच आक्षेप काढला. सगळे जर फुकटच असेल, तर कोणी काही चांगले करायचेच कशाला, आणि बायबलातच याकोबाने तर क्रियांवाचून विश्वास निर्जीव आहे असे लिहिले आहे. प्रश्न रास्त होता. पाळकसाहेबांनी त्याला डीट्रिख बोनहोफर या जर्मन पाळकांविषयी सांगितले, ज्यांना नाझी राजवटीने ९ एप्रिल १९४५ रोजी फाशी दिले. ज्या कृपेने माणूस आहे तसाच पडून राहतो, तिला ते 'स्वस्त कृपा' म्हणत. फुकट आणि स्वस्त यांत फार अंतर आहे, असे पाळकसाहेबांचे म्हणणे. मूल आईच्या दुधाचे पैसे देत नाही, पण म्हणून ते दूध स्वस्त ठरत नाही. तरुणाचे समाधान झाले की नाही, मला माहीत नाही. मी मात्र त्या रात्री बायबलातल्या जक्कय या जकातदाराचा विचार करत होतो. येशू त्याच्या घरी उतरला, त्यानंतर जक्कय उठून म्हणाला की ज्यांचे मी अन्यायाने घेतले त्यांना चौपट परत देतो. मी वहीत औषधांची बेरीज मांडली होती ती उलट बाजूने: आधी चौपट देऊन टाकावे, म्हणजे मग कोणी घरी उतरले तर तोंड दाखवता येईल.

झावळ्यांच्या रविवारच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या रविवारच्या, आदल्या दिवशी, २४ मार्च २०१८ ला, मी तांड्यावर गेलो. मत्तयच्या पाचव्या अध्यायात स्पष्ट सांगितले आहे की, वेदीपाशी आल्यावर आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा. सहा महिने मी वेदीपासून दूर राहिलो होतो, पण भावाकडे गेलो नव्हतो. मधल्या काळात पैसे आणि धान्य पोहोचत होते, तेही बहुधा माझ्या मुलाच्या हाती.

तो दारातल्या बाजेवर बसून दोर वळत होता. हात थरथरत असल्याने पीळ मध्येच सैल पडे. मग तो पायाच्या अंगठ्यात धरलेले टोक ताणून तेवढा भाग पुन्हा वळत असे. त्याच्या बायकोने कोरा चहा आणून ठेवला. मी खिशातून पाकीट काढून बाजेवर ठेवले आणि जे बोलायचे ठरवून आलो होतो ते बोललो, की वारा उलटा होता हे मला दिसत होते, तुझ्या तोंडाला फडके नाही हेही दिसत होते, आणि तरी मी पाच रुपये वाढवले. हे वाक्य मी वाटेवर चारदा घोकले होते. तरीही शेवटचे शब्द उच्चारताना माझा आवाज मला परका वाटला.

त्याने दोर खाली ठेवला नाही. "मले मालूम हाय, भाऊ," तो म्हणाला. "तुमी धुऱ्यावर उभे व्हते. मीबी पाच रुपयासाठी हो म्हनलं."

मी म्हणालो, "मला माफ कर, असे म्हणायला आलो आहे."

"त्याच्यासाठी पाकीट आनलं काय?" त्याने पाकिटाकडे पाहिले. "पैसे राहू द्या, दवाईले लागतेच. पन माफीचे मनून नोका देऊ. माफी काय इकत भेटते? ते तं मी दवाखान्यातच सोडून देल्लं. तुमी रातभर बाकड्यावर बसून व्हते, तवा."

त्याच्या बायकोने मात्र सोडलेले नव्हते. ती दाराशी उभी राहून म्हणाली की तिच्या नवऱ्याला आता सुईत दोरा ओवता येत नाही, आणि याचे उत्तर कोणाकडे आहे? माझ्याकडे नव्हते. मी चहा संपवला. आज सगळ्या गोष्टीचा विचार करताना मला त्या दोघांचे बोलणे वेगळे काढता येत नाही. त्याने जे सोडले त्याची किंमत काय होती, हे तिने सांगितले नसते तर मला कळले नसते, आणि घरी जाताना कदाचित मी हलक्या मनाने शीळ घालत गेलो असतो.

परतीच्या वाटेवर मला ऑक्टोबरातला उपदेश आठवला. क्षमा विकता येत नाही आणि विकत घेता येत नाही, एवढे सांगण्यासाठी पाळकसाहेब विटेनबर्गपर्यंत गेले होते, आणि ते मला कळले तांड्यावरच्या बाजेपाशी, अशा माणसाकडून ज्याने बायबल उघडून पाहिलेले नाही. ही गोष्ट मी नंतर मंडळीत साक्ष देताना सांगितली तेव्हा दोघा-तिघांना ती रुचली नाही. त्यांच्या मते कृपेची साक्ष ख्रिस्ताकडून सुरू होऊन ख्रिस्ताकडे संपली पाहिजे. मला ती तशीच वाटते. मधला रस्ता तांड्यावरून गेला, एवढेच.

उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडे), ३० मार्चला, बारा ते तीन येशूच्या क्रुसावरच्या सात वचनांवर मनन झाले. १ एप्रिलला पुनरुत्थानाचा सण, ईस्टर, होता आणि तोच महिन्याचा पहिला रविवारही. ताट आले तेव्हा मी भाकरीचा तुकडा घेतला. मेथडिस्ट चळवळीचे जॉन वेस्ली यांनी २४ मे १७३८ च्या संध्याकाळी, लंडनमधल्या एका सभेत रोमकरांस पत्रावरील ल्यूथर यांची प्रस्तावना वाचली जात असताना, आपल्या अंतःकरणात विलक्षण ऊब जाणवल्याचे नोंदवले आहे. मला तसे काही जाणवले नाही. तुकडा थोडा वाळलेला होता, द्राक्षरस नेहमीप्रमाणे फार गोड. माझ्या शेजारी सिस्टरबाई बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही, फक्त गीताचे पुस्तक माझ्या बाजूला सरकवले. त्या दुपारी मात्र मला कित्येक महिन्यांनी गाढ झोप लागली, आणि पत्नीने चहासाठी उठवले तेव्हा ऊन उतरले होते.

हेतूपूर्ण जीवन या विषयावर मंडळीत बरेच बोलले जाते आणि बोलणाऱ्यांचा रोख सहसा मोठ्या सेवेकडे असतो. माझा अनुभव त्या मानाने लहान आहे. आधी माझ्या आयुष्याचा हेतू एकच होता: कोणाचे देणे न ठेवता मरणे. तो गळून पडल्यावर काही आठवडे मला विचित्र मोकळे वाटत होते, आणि खरे सांगायचे तर थोडे रिकामेही. मग मे महिन्यात सिस्टरबाईंनी विचारले की, या हंगामात तुमच्या गावात फवारणीचे काय करणार आहात? विषबाधेची माणसे त्यांनी आयुष्यभर पाहिली होती. त्यांच्या सांगण्यावरून मी दारव्ह्याला जाऊन रबरी मोज्यांचे सहा जोड, चार चष्मे, तोंडावर बांधायचे मास्क आणि चार प्लास्टिकचे अंगरखे आणले आणि ओसरीवर एका खुंटीला टांगून ठेवले. ज्याला लागतील त्याने न्यावेत, साबणाने धुऊन परत आणावेत, पैसे नाहीत. वाऱ्याच्या विरुद्ध चालू नये, भर उन्हात फवारू नये, दोन औषधे मनाने मिसळू नयेत, काम चालू असताना तंबाखू चोळू नये, हे मी प्रत्येकाला सांगतो. पहिल्या वर्षी लोक हसले. फुकट मिळते म्हटल्यावर त्यांना यात माझा काही डाव असावा, असे वाटले. एकाने तर निवडणुकीला उभे राहणार आहात का, असेही विचारले. दुसऱ्याने धर्मप्रचाराचा संशय घेतला. त्यांचा राग येण्याचे मला कारण नव्हते. फुकट मिळालेल्यावर विश्वास बसायला मला स्वतःला किती वर्षे लागली होती, हे मी जाणून होतो.

ज्याच्यापासून हे सुरू झाले तो माणूस आता फवारणी करत नाही. त्याला दोन एकर मी बटईने दिले आहेत. पेरणी आणि डवरणी त्याचा मुलगा करतो, तो स्वतः धुऱ्यावर बसून राखण करतो. त्याची बायको माझ्याशी कामापुरते बोलते. नजरेसाठी त्याला दोनदा नेत्रतज्ज्ञांकडे नेले, थोडा फरक पडला, पूर्ण पडला नाही.

दशांश मी अजून देतो, पण लिहून ठेवत नाही. लाल वही मात्र टाकवली नाही; मागची बरीच पाने कोरी होती. तिच्यात आता मोजे, चष्मे आणि अंगरखे कोणी नेले, कोणत्या तारखेला नेले आणि परत कधी आले, एवढेच मांडतो. पत्नी म्हणते की ही खोड जायची नाही. रकमेचा रकाना मी रेघ मारून बंद केला आहे. मागच्या हंगामातला एक चष्मा अजून परत यायचा आहे.